उसना दम

खोपोलीच्या पत्र्यांच्या कारखान्यात कॉम्प्युटर आला तो दिवस लियाकत मुकरीच्या पक्का लक्षात राहिला, कारण त्या दिवशी दवाखान्याच्या दारात त्याला चपला काढाव्या लागल्या. सोळा वर्षं तो त्या दवाखान्यात कंपाउंडर होता. बोटं तुटलेली, भाजलेली, रक्त गळणारी माणसं त्या दारातून चिखलाच्या पायांनी आत आली होती आणि कुणी कुणाला पाय पूस म्हटलं नव्हतं. आता मागची खोली रंगवून झाली, खिडक्या काचेनं बंद झाल्या, थंड हवेचं यंत्र बसलं, नारळ फुटला आणि दारावर पाटी लागली : 'पादत्राणे बाहेर काढावीत.' कॉम्प्युटरला धूळ सोसत नाही, असं मुंबईहून आलेल्या माणसानं सांगितलं.

"बरं हाय," पदू म्हणाला. "चौदा वर्षं आमी धूळ खातोय, त्याचं कुनाला काय नाय. ह्या टीव्हीला मात्र सोसत नाय."

साल पंच्याऐंशी, महिना ऑगस्ट. बोर घाटाच्या पायथ्याशी, डोंगरावरून उतरणाऱ्या वीजघराच्या जाडजूड नळांसमोर हा कारखाना. छपराचे सिमेंटचे पत्रे इथे बनत. सिमेंटात ॲस्बेस्टॉसचे तंतू मिसळायचे, पत्रा पाडायचा, वाळवायचा आणि मग कटाई खात्यात करवतीनं त्याच्या कडा कापायच्या. कापताना जी पांढरी धूळ उडे तिनं कटाईतल्या माणसांच्या भुवयासुद्धा पांढऱ्या होत. भोंगा झाला की ती माणसं खोकत खोकत बाहेर पडत आणि प्रत्येकाचा खोकला निराळा. लियाकत दवाखान्यात पाठमोरा बसूनसुद्धा नुसत्या खोकल्यावरून सांगे, हा नवशा, हा पदू.

पदू त्याचा खालापूरच्या शाळेपासूनचा सोबती. लियाकत खालापुरातच राही, पदूचं गाव तिथून पुढे मैलभर. दोघं एकाच एसटीनं कामावर येत. लियाकत स्वभावानं हिशोबी, शंकेखोर, छापील सूचना पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा. ताईत-गंड्यांवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. हलिमा, त्याची बायको, पोरांच्या गळ्यात ताईत बांधी ते तो निमूट सहन करी एवढंच.

तपासणी सोपी होती. एका काचेच्या पेटीत भाता, भात्याला रबरी नळी, नळीच्या तोंडाला पुठ्ठ्याचं नळकांडं. माणसानं छाती भरून श्वास घ्यायचा आणि एका दमात फुंकायचं. भाता उचलला जाई, तारेतून ते कॉम्प्युटरला कळे आणि पडद्यावर हिरवा आकडा उमटे, अमुक इतके लिटर. कॉम्प्युटरवर जया नावाची नेरळची मुलगी होती, कल्याणला क्लास करून आलेली. ती काचेच्या भिंतीपलीकडे बसे. लियाकतनं दारात कामगाराचा पितळी बिल्ला घ्यायचा, वरचा नंबर मोठ्यानं वाचायचा, जयानं तो नंबर टाइप करायचा आणि आकडा आला की मोठ्यानं वाचून दाखवायचा. कामगाराचं नाव, गाव, चेहरा यांचं तिथे काही काम नव्हतं.

गुप्ते साहेबांनी, म्हणजे कार्मिक अधिकाऱ्यांनी, त्या दिवशी भाषण केलं. कंपनीला तुमच्या तब्येतीची काळजी आहे, दर तीन महिन्यांनी तुमचा दम मोजू, कुणाची छाती बिघडत असेल तर कॉम्प्युटर आपल्याला आधीच सांगेल, म्हणजे इलाज करता येईल.

इलाज काय ते नोव्हेंबरात कळलं. आकडा अडीचच्या खाली गेला की नंबरापुढे लाल शेरा, आणि दोन लाल शेरे झाले की पत्र : 'आपली प्रकृती कामास योग्य नसल्याने...' नऊ जणांना अशी पत्रं गेली. धूळ कमी करण्याऐवजी धूळ खाल्लेली माणसं कमी केली. पदूचा आकडा त्या वेळी दोन पॉइंट एकतीस आला. त्याचा तो पहिला लाल शेरा.

फेब्रुवारीची तपासणी दोन दिवसांवर आली तेव्हा पदूनं लियाकतला कँटीनच्या नळापाशी गाठलं.

"वैशाखात चिंधीचं लगीन हाय. आता नोकरी गेली तर सोयरे उंबऱ्यावरनं माघारी जातील."

"मग मी काय करू रं? फुंकणार तू."

"मी नाय फुकत. गोमा फुकल. माजा बिल्ला लावून."

गोमा म्हणजे माल भरायच्या अंगणातला हमाल, कशेळ्याच्या वरच्या डोंगरातल्या वाडीचा. उघड्यावर काम, त्यामुळे छातीत धूळ नाही. त्यातून लग्नात पावरी फुंकून वाजवणारा. त्याची पावरी सुरू झाली की नाचणारे दमत, तो दमत नसे.

"आन् ती पोरगी?"

"ती काचेमागं. तिला नंबर ऐकू येतो. आन् त्या यंत्राला मानसाचं तोंड थोडंच वळखू येतंय? त्याला बिल्ला कळतो. बिल्ला दोनशे सतरा म्हंजे पदू."

हे खोटं होतं आणि लियाकतला ते कळत होतं. पण पदूच्या लेकीला, चिंधीला, त्यानं अंगाखांद्यावर खेळवलं होतं. एका आकड्यानं कुणाचं काय वाकडं होतंय, असं त्यानं स्वतःला समजावलं. पुढे आयुष्यभर तो या वाक्याला शिव्या घालणार होता.

गोमा आला. दोनशे सतरा नंबर त्याच्या खिशावर होता. त्यानं नळकांडं हातात घेतलं, पण तोंडाला लावलं नाही.

"कोनाच्या नावानं?" त्यानं विचारलं.

"म्हणजे?"

"माज्या बापाची रीत हाय. फुकायच्या आधी नाव घ्यायचं. बिननावाचा वारा भलतीकडं जातो म्हनायचा."

लियाकतला हसू आलं. "पदूच्या नावानं, फुंक आता."

"पदूच्या नावानं," गोमा नळकांड्यात म्हणाला आणि मग त्यानं फुंकलं. भाता सावकाश वर गेला, जातच राहिला. पलीकडून जयाचा आवाज आला, "पाच पॉइंट शून्य नऊ."

अशी गोष्ट लपून राहत नसते. मे महिन्यात आठ जण झाले, ऑगस्टात सव्वीस. गोमा कुणाकडून काही घेत नसे. दर वेळी नाव विचारायचा, नाव घ्यायचा, फुंकायचा. नवशाच्या नावानं, अलीच्या नावानं, गजाच्या नावानं. जयाच्या लक्षात आलं नसेल असं नाही, पण तिचाही बाप कुठल्याशा गिरणीतून घरी बसवलेला होता. ती आकडे वाचत राहिली.

चिंधीचं लग्न पार पडलं. सगळेच खूश होते, आणि सगळ्यांत खूश गुप्ते साहेब. करवतीवर पाण्याचा फवारा सोडणारा एक नळ कटाईत होता, तो दोन वर्षं बंद होता आणि युनियन त्याच्या दुरुस्तीसाठी भांडत होती. साहेबांनी ऑगस्टचा छापील कागद पुढाऱ्यासमोर टाकला आणि विचारलं, "धुळीनं छाती बिघडते म्हणता? तुमच्या लोकांची तर सुधारतेय!" पुढारी तसाच परत गेला. नळ तसाच राहिला, तोंडाला बांधायची फडकीही मिळेनाशी झाली. सव्वीस जणांनी मिळून आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता, आणि तो धोंडा उचलून द्यायला लियाकत होता.

ऑगस्टच्या तपासणीच्या शेवटच्या दिवशी सव्विसावा बिल्ला फुंकून झाल्यावर गोमा पायरीवर बसला. शेवटचा आकडा पाच पॉइंट बारा होता, आजवरचा सगळ्यांत मोठा. तरी लियाकतनं विचारलं, "दमलास का रं?"

"नाय, भाई." त्यानं समोर डोंगरावरच्या वीजघराच्या नळांकडे पाहिलं. "पन आजकाल गप बसलो की मला खोकला ऐकू येतो. माजा नाय. ह्यांचा. वाडीवर असलो तरी. कोन खोकतंय ते बी वळखू येतं."

लियाकतनं त्याला सर्दीची गोळी दिली.

गौरी-गणपतीच्या आदल्या आठवड्यात अंगणात एक ट्रक मागे घेत होते. मागे पत्र्यांची थप्पी होती आणि थप्पी आणि ट्रकच्या मधे गोमा. लियाकत धावत पोचला तेव्हा ट्रक पुढे घेतला होता. छाती चेपली होती. रक्त फारसं नव्हतं. गाल मात्र किंचित फुगलेले, नळकांडं तोंडाला लावण्याआधी त्याचे होत असत तसे.

कामगाराच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे, असं कंपनीनं लिहिलं. वाडीवरून माणसं आली, त्यांच्याबरोबर त्याची आई गौराबाई आली. ती रडली नाही. तिनं पोराच्या ओठांवर बोटं ठेवली, छातीवर कान ठेवला, बराच वेळ. मग वर बघून लियाकतला, तो जवळ उभा होता म्हणून, विचारलं, "कवा मेला?"

"आज सकाळी, आजी."

"नाय," ती म्हणाली. "ह्यो कवाचा रिता हाय. कुनाकुनाला वाटलंस रं बाबा?"

लियाकत तिथून निघून आला आणि त्यानं हात धुतले, दोनदा.

नोव्हेंबर उजाडला तोवर पदूला बसथांब्यापासून फाटकापर्यंत तीनदा थांबावं लागत होतं. हाडं वर आली होती. कर्जतच्या एका वकिलानं त्याला समजावून सांगितलं होतं की धुळीनं छाती गेली तर तो कामावरचाच अपघात धरतात, माणूस गेला तरी बायकोला पेन्शन मिळते. मात्र कंपनीच्या तपासणीत दम घटल्याचं दिसलं पाहिजे. आणि कंपनीच्या तपासणीत तर पदूचा दम घोड्यासारखा होता.

"लियाकत, या टायमाला मी सोता फुकतो," पदू म्हणाला. "लाल शेरा येऊ दे. घरी बसवू देत. चिंधी तिच्या घरी गेली, आता मागं येसू एकटी. मला एक खरा आकडा पायजे. बास. येक."

"येईल रं," लियाकत म्हणाला. त्याला रडू येत होतं, पण एका अर्थी हायसंही वाटत होतं. आता खोटं बोलायचं नव्हतं. खरं बोलायला काय लागतं?

त्यानं बिल्ला वाचला. जयानं नंबर टाइप केला. पदूनं नळकांडं तोंडाला लावलं आणि फुंकलं. ती फुंकर एवढीशी, चुलीतला निखाराही तिनं फुलला नसता, आणि अर्ध्यातच खोकला आला.

भाता सावकाश वर गेला, जातच राहिला.

"पाच पॉइंट बारा," जया म्हणाली, आणि मग तिनं काचेतून वाकून पाहिलं.

यंत्र बिघडलं, लियाकतच्या डोक्यात पहिल्यांदा हेच आलं. त्यानं नळकांडं बदलून स्वतः फुंकलं. तीन पॉइंट सहा. त्याचा नेहमीचा. जया येऊन फुंकून गेली, दोन पॉइंट नऊ. मग पुन्हा पदू. पाच पॉइंट बारा.

त्या आठवड्यात कारखान्यातल्या साडेतीनशे माणसांनी फुंकलं. सव्वीस सोडून सगळ्यांचे आकडे ज्याचे त्याचे होते. त्या सव्विसांचा मात्र प्रत्येकी पाच पॉइंट बारा. नवशा दोन पायऱ्या चढून धापा टाकत आला, त्याचाही तोच.

मुंबईहून यंत्राचा जाणकार आला. त्यानं भाता उघडला, नळी बदलली, तारा तपासल्या, मोजून भरलेल्या हवेनं चाचणी घेतली. यंत्र चोख आहे, असा दाखला देऊन तो संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. जाताना एवढंच म्हणाला, "एकाच माणसानं दोनदा फुंकलं तरी दुसऱ्या अंकात फरक पडतो हो. हे सव्वीस एकसारखे कसे?" उत्तराची मात्र त्यानं वाट पाहिली नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीत जया लियाकतपाशी आली. तिचा डबा तसाच बंद होता.

"काका, एक सांगू? हसू नका. दोनशे सतराचा आकडा पदूकाकांनी न फुंकताही येतो."

"म्हणजे कसा?"

"काल यंत्र तपासून झाल्यावर मी नुसता नंबर टाकला. नळी हुकाला होती, तरी थोड्या वेळानं आकडा आला."

लियाकत हसला नाही. त्यानं तिला खुर्चीवर बसवलं आणि आपण काचेच्या पेटीसमोर उभा राहिला. बाहेर ऊन होतं, घाटात ट्रकचा गिअर बदलल्याचा आवाज येत होता. नळी हुकाला टांगलेली होती, तिच्या आसपास कुणी नव्हतं.

"टाक नंबर."

भाता उचलला गेला. हिसका नाही, थरथर नाही. कुणीतरी छाती भरून घेतली आहे आणि आता सावकाश सोडतो आहे, असा. वर जाऊन थोडा थांबला आणि खाली बसला.

लियाकतनं नळीच्या तोंडात औषधाच्या बाटलीचं बूच घट्ट बसवलं.

"पुन्हा."

भाता उचलला गेला. त्यानं नळी मुठीत धरली. ती कोमट होती, आणि आतून काहीतरी सरकत जात होतं.

छापील सूचनांत याबद्दल काही नव्हतं. लियाकतनं त्या दिवशी दुपारी साध्या कागदावर, आपल्या हातानं, सगळं लिहून काढलं. सव्वीस बिल्ले दुसऱ्यानं फुंकले, मी फुंकू दिले, कसूर माझी. पदूच्या छातीची खरी अवस्था वाईट आहे, त्याची तपासणी बाहेर व्हावी. भात्याबद्दल त्यानं लिहिलं नाही. नोकरी जाणार हे त्याला ठाऊक होतं आणि त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. पदूला त्याचा खरा आकडा मिळायला हवा होता.

गुप्ते साहेबांनी कागद वाचला, घडी केली आणि खणात ठेवला.

"मुकरी, हा कागद मी पोलिसांत दिला तर तू आत जाशील. आणि तुझा तो मित्र फसवणुकीबद्दल बडतर्फ होईल. मग कसली पेन्शन?"

"साहेब, तो मरतोय."

"नोव्हेंबरात त्यानं स्वतः फुंकलं ना? तुझ्यासमोर?"

"हो."

"किती आला?"

लियाकतनं बंद खणाकडे पाहिलं.

"मग?" साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात दुष्टावा नव्हता, उलट समजूत घातल्यासारखा सूर होता. तेच लियाकतला सोसलं नाही.

त्यानं पदूला कर्जतला नेऊन एक्स-रे काढला. फिल्मवर दोन्ही बाजूंना कोळ्याच्या जाळ्यासारखं पांढरं. वकिलानं नोटीस धाडली. कंपनीनं उत्तर दिलं की एक्स-रेवर नाव हातानं लिहिलेलं आहे, तो कुणाचाही असू शकतो, कॉम्प्युटरचा कागद मात्र छापील आहे. तरीही न्यायाला धरून, कंपनी स्वखर्चानं दोन डॉक्टरांचं मंडळ नेमेल. मंडळासमोर कामगारानं कंपनीच्याच यंत्रावर फुंकावं. जो आकडा येईल तो दोन्ही बाजूंनी मानावा.

चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. पण दुसरा रस्ता नव्हता.

माघ महिना होता, अकराची वेळ. पदूला त्याचा भाऊ नागू आणि येसूबाई दोन्ही बाजूंनी धरून घेऊन आले. तीन पायऱ्यांना दहा मिनिटं लागली. दारात येसूबाईनं खाली बसून नवऱ्याच्या चपला काढल्या आणि भिंतीशी नीट लावून ठेवल्या. आत गेल्यावर थंड हवेनं पदूला हुडहुडी भरली. दोन्ही डॉक्टर पडद्यासमोर खुर्च्या मांडून बसले होते, पदूकडे त्यांची पाठ होती.

"भाऊ, यंदा खरं येल ना?" येसूबाईनं लियाकतला हळूच विचारलं.

लियाकतनं मान हलवली. हो की नाही, ते त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. त्यानं आदल्या दिवशी जयाला विनवलं होतं, नंबर चुकीचा टाक, दोनशे अठरा टाक, काहीही कर. पण आज जयाच्या मागे गुप्ते साहेब स्वतः उभे होते.

"बिल्ला वाचा," साहेब म्हणाले.

"दोनशे सतरा."

पदूनं नळकांडं तोंडाला लावलं. त्याची नजर लियाकतवर होती. त्या नजरेत राग नव्हता. शाळेत गणित अडलं की तो असाच बघायचा, आता तू सांग म्हणून. त्यानं डोळे मिटले आणि होतं नव्हतं ते सगळं त्या नळीत सोडलं. लियाकतला ते ऐकू आलं. सुतळी तुटावी तेवढाच आवाज.

भाता सावकाश वर गेला.

वर जाऊन थांबला.

"उत्तम," मोठा डॉक्टर पडद्याकडे बघत म्हणाला. "या वयाला उत्तमच." आणि त्यानं मांडीवरच्या कागदावर सही केली. दुसऱ्यानंही केली.

"सोडा आता नळी," तो म्हणाला.

पदूनं नळी सोडली नाही.

"आवो," येसूबाई म्हणाली. "आवो, झालं. सोडा की."

तिनं खांद्याला हात लावला तसा तो तिच्या अंगावर कलला. लियाकतनं धावत जाऊन मनगट धरलं, मग मान चाचपली. डॉक्टर उठले. एकानं पापण्या उघडून बघितल्या, दुसऱ्यानं स्टेथोस्कोप कानाला लावून छाती ऐकली, इथे ऐकली, तिथे ऐकली. हृदय बंद होतं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

काचेपलीकडून जया बोलली. आकडा मोठ्यानं वाचायचा, हे तिचं काम होतं. तिचे दात वाजत होते.

"पाच पॉइंट बारा."

"घरी घेऊन जा," गुप्ते साहेब नागूला म्हणाले. "इथे काही झालेलं नाही. घरी झालं." सहीचा कागद त्यांनी फाइलला लावला. त्यावर लिहिलं होतं, कामास योग्य.

कंपनीनं टेंपो दिला तेवढा, तोही दोन तासांनी. खालापूरच्या रस्त्याला पदूचं डोकं लियाकतच्या मांडीवर होतं. घर येईपर्यंत अंग गार पडलं, जबडा ताठ झाला. लियाकतनं अशी माणसं पुष्कळ पाहिली होती. मेलेला माणूस कसा असतो हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. म्हणूनच पदूच्या नाकाशी असलेल्या आपल्या मनगटाला जे लागत होतं त्याबद्दल तो काही बोलला नाही. रस्त्याचा वारा असेल. टेंपोला मागे ताडपत्रीही नव्हती.

घरी नागूनं अंघोळ घातली. पडवीत चटईवर निजवलं. तुळशीचं पान तोंडात ठेवलं. येसूबाईनं नाकात कापूस घातला.

कापूस गळून पडला.

तिनं पुन्हा घातला, बोटानं दाबून. तो जरा राहिला, मग फुगला, आणि गालावरून घरंगळून चटईवर आला.

लियाकतनं मनगट धरलं. नाडी नव्हती. छातीला हात लावला. छाती दगडासारखी, हलत नव्हती. मग त्यानं तळहात नाकासमोर धरला.

येत होता. लांब, भरलेला, सावकाश. डोंगर उतरणारा माणूस घेतो तसा. जाऊन थोडा थांबे, आणि परत येई.

येसूबाई त्याच्याकडे बघत होती. मग तिनं वाकून आपला चेहरा नवऱ्याच्या चेहऱ्याजवळ नेला, अगदी जवळ. बावीस वर्षं ती त्या माणसाशेजारी निजली होती.

"भाऊ," ती सरळ होत म्हणाली, "ह्यो त्यांचा नाय."

लियाकतनं हात मागे घेतला.

"मानूस गेलं ते मला कळतंय. पन ह्ये चाललंय तवर मी त्यांना पेटवू कशी? तुमी दवाखान्यातले. तुमीच सांगा. लाकडं आनायला सांगू का नको?"

इतकी वर्षं तो लोकांना सांगत आला होता, ही गोळी सकाळी, ही संध्याकाळी. आता त्याला लाजेनं जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. चिंधीच्या लग्नासाठी त्यानं एकदा डोळे मिटले होते, आणि त्याच्या मित्राला आता मरणसुद्धा धड मिळत नव्हतं.

"मी बाहेर सांगून येतो," तो कसाबसा म्हणाला. "जरा थांबा म्हणावं."

पहिली पाळी सुटली होती. कटाईतली माणसं परभारे इकडेच आली होती आणि अंगणात उकिडवी बसली होती. नवशा, अली, गजा, बाकीचे सगळे. भुवया अजून पांढऱ्या. बांबू आणि सुंभ भिंतीशी तयार होतं. लियाकत उंबऱ्यात उभा राहिला आणि बोलण्यासाठी त्यानं तोंड उघडलं.

मग त्याला ती शांतता जाणवली.

त्यानं अंगणातली डोकी मोजली. पंचवीस. सगळी खाली मान घालून बसलेली. खांदे सावकाश वर जात होते, थोडे थांबत होते, आणि सगळ्यांचे मिळून एकदम खाली येत होते.

कुणीही खोकत नव्हतं.